झोपायची उंची आधी ठरवा : ठाण्याहून मनाली–लेह सायकलप्रवासाची तयारी

कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, तर मनालीचा बाजार सुमारे २,०५० मीटरवर भरतो. महाराष्ट्रात जितके उंच चढता येते तितके चढून झाले, तरी ठाण्याचा सायकलस्वार मनालीच्या बाजाराइतकाही वर गेलेला नसतो. तिथून लेहपर्यंत त्याला रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुलुंग आणि तंगलंग अशा पाच खिंडी ओलांडायच्या असतात आणि त्यांतल्या शेवटच्या दोन पाच हजार मीटरांच्याही वर आहेत. त्यामुळे खाडीकाठच्या माणसाने ही वाट आखताना ‘रोज किती किलोमीटर’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘रोज रात्री किती उंचीवर झोपायचे’ हा प्रश्न आधी सोडवावा. सायकल, सामान, सराव आणि रजा या सगळ्यांचा हिशेब त्यानंतर मांडता येतो.

मी हे उलट करून पाहिलेले आहे. पहिल्या खेपेला पायांत जोर होता आणि हातात मोजकीच रजा होती, म्हणून जिस्पाहून एका दिवसात बारालाचा ओलांडून थेट सरचू गाठले. संध्याकाळी स्वतःवर खूश होऊन दोन थाळ्या भात खाल्ला. रात्री दहाला डोके ठणकू लागले, बाराच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे एका ट्रकच्या केबिनमध्ये कांबळे पांघरून, सायकल मागे पोत्यांवर टाकून, तीच खिंड उलट दिशेने ओलांडत मी पुन्हा जिस्पाला उतरलो. त्या खेपेत लेह पाहायला मिळाले नाही. पुढच्या वेळी तीच वाट जवळजवळ दुप्पट दिवसांत, एकही गोळी न घेता पार पडली, आणि या लेखातले वेळापत्रक त्या दुसऱ्या खेपेवर बेतलेले आहे.

विरळ हवा शरीराचे काय करते

समुद्रसपाटीच्या तुलनेत पाच हजार मीटरांवर हवेचा दाब निम्म्याच्या थोडा वर उरतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण प्रत्येक श्वासात आत येणारा प्राणवायू त्याच हिशेबाने कमी होतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्ताचा तोल सावरतात आणि हळूहळू तांबड्या पेशी वाढतात. मात्र यातल्या पहिल्या दोन गोष्टींना काही दिवस आणि तिसरीला काही आठवडे लागतात. दीड हजार मीटरांच्या वर गेल्यावर दर हजार मीटरला माणसाची कमाल कार्यक्षमता ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटते. घोडबंदर रस्त्यावर सहज ताशी पंचवीसच्या वेगाने जाणारा सायकलस्वार तंगलंग लाच्या (लडाखीत ‘ला’ म्हणजे खिंड) चढावर ताशी पाचने चालला, तर त्यात त्याच्या तंदुरुस्तीचा काही दोष नसतो.

गिर्यारोहण वैद्यकाने घालून दिलेला नियम सोपा आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन आले तरी चालते, किंबहुना वर जाऊन खाली येऊन झोपणे उत्तमच. हा नियम वाचायला जितका सोपा आहे तितका मनाली–लेह रस्त्यावर पाळायला अवघड आहे, कारण मुक्कामाच्या जागा माणसाच्या सोयीने नव्हे, तर पाणी आणि सपाट जमीन जिथे मिळाली तिथे वसलेल्या आहेत. जिस्पा ३,२०० मीटरवर आणि लगतच्या दारचा गावापुढचे ढाबे झिंगझिंगबारला सुमारे ४,२७० मीटरवर. मधली उडी हजार मीटरांहून मोठी आहे. स्वतःचा तंबू बाळगायचे खरे कारण हेच. तंबूमुळे पैसे वाचतात ही दुय्यम गोष्ट. तंबू असला की ३,८०० मीटरवर थांबता येते, हे महत्त्वाचे.

रात्री मोजून आखलेले वेळापत्रक

मनालीला उतरल्यावर दोन रात्री तिथेच काढाव्यात. सायकल जोडावी, सोलांगपर्यंत रिकामी सायकल मारून यावी आणि प्रवासाने आंबलेले शरीर सैल होऊ द्यावे. तिसऱ्या दिवशी सुमारे पस्तीस किलोमीटर चढून मढीला, म्हणजे ३,३०० मीटरवर तंबू टाकावा.

इथे एक निर्णय येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरने कमी करतो आणि रोहतांगचा चढ संपूर्ण टाळतो. मोटारीसाठी ही मोठीच सोय झाली. सायकलस्वाराने मात्र रोहतांगवरूनच जावे असे माझे ठाम मत आहे. लांबच्या पल्ल्याची बहुतेक मालवाहतूक आता बोगद्यातून जात असल्यामुळे जुना घाट पूर्वीपेक्षा शांत झाला आहे. शिवाय ३,९७८ मीटरची खिंड दिवसा ओलांडून पलीकडे ३,१०० मीटरवरच्या सिस्सूला झोपायला उतरणे म्हणजे ‘वर चढा, खाली झोपा’ या नियमाचा पहिला धडा गिरवणेच आहे.

सिस्सूहून चंद्रा नदीच्या काठाने तांदीला यावे. तिथे चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो आणि पुढे तिलाच चिनाब म्हणतात. तांदी सुमारे २,५७० मीटरवर, म्हणजे या टप्प्यातली सर्वांत खालची जागा आहे. त्यानंतरचा केलांगपर्यंतचा छोटा चढ दुपारच्या उन्हात फार जड वाटतो. केलांग हे लाहौल-स्पिती जिल्ह्याचे मुख्यालय आहे. तिथे रुग्णालय, बाजार आणि एटीएम आहे. पुढे लेहच्या परिसरात पोचेपर्यंत एटीएमवर विसंबू नये आणि सगळ्या प्रवासाला पुरेल इतकी रोकड इथेच काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी जेमतेम बावीस किलोमीटरवरच्या जिस्पाला थांबावे. एवढ्यावर थांबायला मन तयार होत नाही, कारण पाय ताजे असतात आणि दिवस लख्ख असतो. तरीही थांबावे, आणि जिस्पाला दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी सामान न लादता दारच्याच्या पुढे जितके जमेल तितके चढून दुपारी परत यावे.

त्यानंतरच्या रात्री अशा येतात : दीपक ताल आणि पटसेओच्या परिसरात सुमारे ३,८०० मीटरवर तंबूत एक, झिंगझिंगबारला ४,२७० मीटरवर एक, आणि बारालाचा ओलांडून सरचूला ४,२९० मीटरवर एक. झिंगझिंगबार आणि सरचू यांच्या उंचीत नावापुरताच फरक असल्यामुळे, मध्ये ४,८९० मीटरची खिंड पार करूनही शरीराला झोपेसाठी नवी उंची सोसावी लागत नाही. माझ्या पहिल्या खेपेत आणि दुसऱ्या खेपेत फरक पडला तो या दोन रात्रींमुळे.

सरचूबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ही जागा म्हणजे एक सापळा आहे. उंचीचा त्रास झाला तर खाली उतरा, हा पहिला उपचार. पण सरचूहून खाली उतरायला आधी वर चढावे लागते. दक्षिणेला बारालाचा आहे आणि उत्तरेला आधी नकी ला, मग ५,०६५ मीटरचा लाचुलुंग ला. त्यानंतर येणारे पांगदेखील ४,६०० मीटरवर आहे आणि त्याच्यापुढे पुन्हा तंगलंग ला आडवा येतो. बारालाचा ओलांडल्यापासून तंगलंग ला उतरेपर्यंत सलग चार-पाच रात्री चार हजार मीटरांच्या वर जातात आणि त्या पट्ट्यातून बाहेर पडण्याचा प्रत्येक मार्ग खिंडीवरून जातो. म्हणून पुढे जायचे की नाही याचा खरा निर्णय झिंगझिंगबारच्या सकाळी घ्यावा. तिथे डोके दुखत असेल आणि नाश्ता नकोसा वाटत असेल, तर त्या दिवशी चढू नये. एक दिवस पडून राहावे. दुसऱ्या सकाळीही तेच असेल तर जिस्पाला उतरावे. तिथून उतार आहे, सायकल आपोआप जाते.

सरचूनंतर सायकलस्वारांचे बहुतेक गट एकाच दिवसात पांग गाठतात. दोन खिंडी, सत्तरहून अधिक किलोमीटर आणि दुपारनंतर तोंडावर येणारा वारा असा तो दिवस असतो. तो मोडून दोन करावा. पहिल्या दिवशी नदीकाठच्या सपाट रस्त्याने गाटा लूप्सच्या पायथ्याशी जाऊन तंबू टाकावा; ही जागा सरचूपेक्षा किंचित खालीच असल्यामुळे हा दिवस विश्रांतीसारखा जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे गाटा लूप्सची २१ वळणे चढायला घ्यावीत. वळणे मोजत चढू नये असा सल्ला मला एकाने दिला होता. मी मोजली, आणि चौदाव्याला चूक झाल्यामुळे पुन्हा पंधरावे आले तेव्हा झालेले दुःख अजून लक्षात आहे. नकी ला उतरल्यावर व्हिस्की नाल्याजवळच्या तंबू-ढाब्यांत पोटभर खावे, मगच लाचुलुंग चढावा.

पांगहून काही किलोमीटरचा खडा चढ संपला की अचानक मोरे मैदान उघडते. साधारण चाळीस किलोमीटरचा, जवळजवळ सपाट असा हा पट्टा सायकलस्वाराला सुखाचा वाटेल असा असतो, पण दुपारी तिथे वारा सुटतो आणि आडोसा कुठेच नसतो, त्यामुळे बारा वाजेपर्यंत डेब्रिंगच्या जवळ पोचण्याच्या बेताने निघावे. डेब्रिंगला रात्र काढून ५,३२८ मीटरचा तंगलंग ला चढावा आणि रुमत्सेला उतरावे. गेल्या काही दिवसांत न दिसलेली हिरवी शेते आणि पॉपलरची झाडे तिथे दिसतात. शेवटच्या दिवशी उपशीला सिंधू भेटते आणि कारू, ठिकसे, शे या गावांवरून लेह येते. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि एवढ्या उंचीवरून आलेल्याला तिथली हवा दाट वाटते.

हे तेरा दिवस झाले. मनालीच्या दोन रात्री, लेहचे तीन-चार दिवस आणि दोन्ही बाजूंचा प्रवास धरला तर तीन आठवडे लागतात. रजा तेवढी मिळत नसेल, तर मनाली ते केलांग–जिस्पा–पटसेओ करून परत यावे. तो प्रवासही भरघोस आहे. अकरा दिवसांच्या रजेत लेह बसवू नये.

केव्हा जावे

सीमा सडक संघटना बर्फ हटवून हा रस्ता साधारण उन्हाळ्यात खुला करते आणि ऑक्टोबरनंतर तो पुन्हा बंद होऊ लागतो. जूनमध्ये बर्फाच्या भिंती दिसतात, पण वितळत्या पाण्याने नाले फुगलेले असतात. जुलै–ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पावसाने दरडी कोसळतात. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तेव्हा नाल्यांचे पाणी ओसरलेले असते आणि आकाश स्वच्छ असते. रात्री मात्र वरच्या मुक्कामांवर पारा शून्याखाली जातो. ठाणेकरापुढे अडचण एकच राहते : याच दिवसांत गणपती येतात. घरच्यांशी ही बोलणी आधी करून ठेवावीत. माझ्या अनुभवात तंगलंग लाच्या चढापेक्षा तीच अवघड ठरली.

सायकल : सर्वांत हलका गिअर

सायकल कोणत्या कंपनीची आहे याला फारसे महत्त्व नाही. तिचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे मात्र घरी बसून कागदावर काढता येते. पुढच्या लहान चक्राचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा परीघ, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते मिळते. पुढे २२ आणि मागे ३४ दात असतील आणि चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असेल, तर एका फेऱ्यात साधारण १.३५ मीटर अंतर पडते. ताशी सहा किलोमीटर म्हणजे मिनिटाला शंभर मीटर, म्हणून पेडल मिनिटाला सुमारे ७४ वेळा फिरते, आणि एवढ्या गतीने माणूस दिवसभर पेडल मारू शकतो. शर्यतीच्या सायकलवर पुढे ३४ आणि मागे २८ दात असले तर एका फेऱ्यात अडीच मीटर पडतात, आणि त्याच वेगाला पेडल मिनिटाला चाळीसदाच फिरते. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि तो जोर दिवसाला सहा-सात तास, दोन आठवडे सोसायचा असतो. अशी सायकल असेल तर निदान मागच्या चक्रांचा संच (फ्रीव्हील किंवा कॅसेट) आणि गरज पडल्यास चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर बदलून घ्यावा.

टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद असावेत. चाळीस-पंचेचाळीस असले तर आणखी बरे. एक बारीकसारीक गोष्ट सांगून ठेवतो. बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे ठाण्यात भरलेला टायर पाच हजार मीटरांवर सुमारे सात पीएसआयने (पंपावर दिसणारे दाबाचे एकक) अधिक ताठ होतो. थंडीमुळे यातला काही भाग वजा होतो, तरी मनालीला हवा थोडी कमी भरावी. खडीच्या रस्त्यावर ते हातांनाही बरे पडते.

मागच्या चाकाला ३६ आऱ्या असाव्यात आणि प्रवासापूर्वी चाक मेकॅनिककडून ताणून, सरळ करून घ्यावे. मनाली आणि लेह यांच्यामध्ये गिअरच्या सायकलचे सुटे भाग मिळतील असे दुकान धरूनच चालू नये. त्यामुळे बरोबर दोन ट्यूब, ठिगळे आणि सोल्यूशन, टायर लिव्हर, पंप, ॲलन की, चेन तोडायचे हत्यार आणि दोन जोडकड्या, तीन-चार जादा आऱ्या व त्यांचा पाना, ब्रेकचे दोन जोड पॅड, ब्रेक आणि गिअरची एकेक जादा तार, डिरेलर हँगर, चेनचे तेल, प्लास्टिकच्या केबल टाय आणि चिकटपट्टी असावी. जादा आऱ्या फ्रेमच्या मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधाव्यात. पिशवीत ठेवल्या की वाकतात. कॅरिअरचे बोल्ट रोज संध्याकाळी हाताने तपासावेत. पटसेओच्या पुढे माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट खडखडाटात कुठेतरी पडला आणि उरलेली सगळी वाट ते कॅरिअर चार केबल टायवर पार करून लेहला पोचले.

हे सगळे बाळगून उपयोग तेव्हाच, जेव्हा ते वापरता येते. निघण्यापूर्वी घरी एकदा चेन तोडून जोडावी, मागचे पंक्चर काढावे आणि ब्रेकची तार बदलावी. गच्चीवर, उजेडात अर्धा तास लागला तर वाऱ्यात दीड तास लागेल असा हिशेब धरावा.

ठाण्यात बसून सराव

समुद्रसपाटीवर राहून उंचीची सवय होत नाही, पण तासन् तास हलक्या गिअरवर बसण्याची सवय होते. पाम बीच रस्ता त्याच्या सपाटीमुळे पेडलची लय बसवायला चांगला आहे; त्यापलीकडे त्याचा या कामाला उपयोग नाही. चढासाठी उपवनच्या बाजूने येऊरचा रस्ता घ्यावा आणि तो एकदा चढून परत न येता चार-पाच वेळा चढावा. नवी मुंबईकरांनी बेलापूरची पारसिक टेकडी याच पद्धतीने वापरावी.

सप्टेंबरला निघायचे तर मेमध्ये सुरुवात करावी. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन सकाळी दीड-दोन तास आणि रविवारी चार तास चालवावी. जूनपासून रविवारचा वेळ वाढवत न्यावा आणि घाट घ्यावेत : कसारा घाटातून इगतपुरी, कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज, खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटाने लोणावळा. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे, तिकडे फिरकू नये. माळशेजला पावसाळ्यातल्या रविवारी गर्दी आणि दरडी दोन्ही असतात, तो घाट आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी राखावा. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता सात-आठ किलोमीटरांत जवळपास सातशे मीटर चढतो. मनाली–लेह रस्त्यावर इतका खडा चढ क्वचितच लागतो, तिथला बहुतेक चढ चार ते सात टक्क्यांचा असतो. म्हणून माथेरान हे गिअर तपासण्याचे ठिकाण समजावे. भरलेल्या सामानासह तिथे बसून पेडल मारता आले, तर तुमचे गिअर पुरेसे आहेत.

जुलैअखेर एक दोन दिवसांची फेरी संपूर्ण सामान लादून करावी. ठाणे–कसारा–इगतपुरी–घोटी–भंडारदरा ही वाट त्यासाठी उत्तम आहे. मुक्काम तंबूत करावा आणि तोही पावसात. कोणती पिशवी पाणी आत घेते, कोणता बोल्ट सैल होतो आणि बसायची सीट चौथ्या तासानंतर कुठे टोचते, हे त्या दोन दिवसांत कळते. पाठीवर पिशवी लटकवून जाण्याची कल्पना असेल तर तीही त्याच फेरीत बाद होते.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी. उंचीचा त्रास टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स या गोळीविषयी त्याच वेळी विचारावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. या गोळीने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. हे आधी माहीत नसले की माणूस वर जाऊन घाबरतो. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण तिच्या भरवशावर वेळापत्रक आवळू नये.

सामान आणि पोट

तंबूसह एकूण सामान पंधरा किलोच्या आत बसवावे. जास्त वजन मागच्या दोन पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत), खालच्या बाजूला ठेवावे. शून्याखाली पाच-दहा अंशांची स्लीपिंग बॅग, लोकरी किंवा थर्मल आतले कपडे, वारा अडवणारे जाकीट, दोन जोड हातमोजे, कानटोपी, अतिनील किरण अडवणारा चष्मा, ओठांना लावायचे मलम आणि सनस्क्रीन या गोष्टींत काटकसर करू नये. खिंडीवरून उतरताना घामाने ओला बनियन अंगावर ठेवू नये. माथ्यावर पोचताच कोरडा घालावा आणि त्यावर जाकीट चढवावे.

साडेचार हजार मीटरांवर पाणी सुमारे ८५ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि भात कच्चा राहतो. ढाब्यांवर कुकर असतो. डाळ-भात, मॅगी, ऑम्लेट आणि चहा बहुतेक ठिकाणी मिळतो, म्हणून स्टोव्ह नेला नाही तरी चालते. भूक मरते ही खरी अडचण आहे. वर गेल्यावर ओळखीच्या चवीचेच खावेसे वाटते, म्हणून घरून गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर, चिक्की, सत्तूचे पीठ आणि मेतकुटाची पुडी न्यावी. ढाब्यावरच्या गरम भातावर मेतकूट आणि तूप पडले की हात आखडत नाही. पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यावे. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, पण जातो. ओढ्याचे पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकूनच घ्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य, कारण दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

सायकल मनालीला नेणे

रेल्वेने जायचे तर सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमधून नेता येते. वांद्रे टर्मिनसहून सुटणारी पश्चिम एक्सप्रेस अंबाल्याला पोचवते. तिथून चंदीगड आणि पुढे मनालीची बस मिळते. गाडी जिथून सुटते त्याच स्थानकावर पार्सल चढवावे, कारण मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. सायकलवर नाव आणि स्थानक लिहिलेले जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे बांधावेत, डिरेलरवर गोणपाट गुंडाळावे, आणि सायकल आपल्याच गाडीत चढली हे स्वतः उभे राहून पाहावे. पेडल, सीट आणि पिशव्या आपल्याबरोबर ठेवाव्यात. बसमध्ये सायकल डिकीत किंवा टपावर जाते. वाहकाशी आधी बोलून भाडे ठरवावे.

विमानासाठी सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचे खोके मागून आणावे. पेडल आणि पुढचे चाक काढावे, हँडल वळवून फ्रेमला बांधावे, टायरमधली हवा कमी करावी. गॅसचे डबे आणि हवा भरायच्या काडतुसासारख्या नळ्या विमानात चालत नाहीत. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, हत्यारे मात्र चेक-इनच्या सामानात. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून पोस्टपेड जोडणी घ्यावी. जिस्पाच्या पुढे बराच काळ फोन लागणार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवावे.

रस्त्यावरचा दिवस

पहाटे उजाडताच निघावे आणि दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोचावे. यामागे वारा हे एक कारण आहे. दुसरे नाले आहेत. दिवसा ऊन चढले की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येते. झिंगझिंगबारच्या अलीकडच्या नाल्याला पागल नाला म्हणतात ते उगीच नाही. पाणी जोराचे असेल तर सायकलवर बसून जाऊ नये. पिशव्या काढून, चपला घालून, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून चालत पार करावे.

चढताना इतक्याच वेगाने जावे की दोन वाक्ये सलग बोलता येतील. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, थोडा वेळ दाबून सोडावेत. रिमब्रेक असतील तर लांब उतारावर थांबून रिम थंड होऊ द्यावी. मागून ट्रकचा भोंगा आला तर डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही.

रोज संध्याकाळी आणि सकाळी सोबत्यांनी एकमेकांना पाहावे. डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची सुरुवात असते. अशा वेळी तिथेच थांबावे आणि लक्षणे जाईपर्यंत वर चढू नये. विश्रांती घेत असतानाही दम लागणे, खोकल्यातून फेस येणे किंवा छातीत घरघरणे म्हणजे फुफ्फुसात पाणी साचत असल्याची खूण आहे. बडबड असंबद्ध होणे आणि तोल जाणे ही मेंदूला सूज आल्याची खूण आहे. तोल तपासण्यासाठी जमिनीवर एक रेघ ओढून टाचेला बोटे लावत त्यावरून चालायला सांगावे. न जमल्यास सकाळची वाट न पाहता, मिळेल त्या वाहनाने खाली न्यावे आणि रुग्णाला एकटे सोडू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण गार बोटांवर तो चुकीचे आकडे दाखवतो. आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

लेह, खारदुंग ला आणि परतणे

लेहला पोचल्यावर दोन दिवस सायकलला हात लावू नये. त्यानंतर लेहच्या उत्तरेचा खारदुंग ला करायचा असेल तर सामान खोलीवर ठेवून, पाणी, खाणे आणि गरम कपडे एवढेच घेऊन पहाटे निघावे. ३९ किलोमीटरांत साडेअठराशे मीटरांहून थोडा जास्त चढ आहे. माथ्यावरची जुनी पाटी १८,३८० फूट म्हणते. उपग्रहाच्या मोजणीने खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट भरते. फोटो पाटीसमोरच काढावा, वाद घालू नये. साउथ पुल्लू या वाटेतल्या तपासणी नाक्यानंतरचा रस्ता कधी डांबरी तर कधी दगड-चिखलाचा असतो, त्यामुळे दुपारी एकपर्यंत माथा गाठता आला नाही तर तिथूनच वळावे. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पलीकडच्या नुब्रा खोऱ्यात उतरायचे असल्यास परवान्याचा त्या वर्षीचा नियम लेहमध्येच विचारून घ्यावा.

परतीसाठी सायकलचे खोके लेहच्या बाजारातल्या सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानांत मागावे. खोक्यात घालण्यापूर्वी चेन आणि डिरेलरवरची धूळ ब्रशने पूर्ण काढून तेल द्यावे. लडाखच्या कोरड्या हवेत ती धूळ निरुपद्रवी वाटते, पण सप्टेंबरच्या ठाण्यात दमट हवा लागली की आठवड्याभरात चेन गंजते. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची बैठक) आणि चाकांच्या हबमधले छर्रे आल्या आल्या मेकॅनिककडून उघडून पाहून घ्यावेत.